दर चार वर्षांनी घरी

फुटबॉलचा विश्वचषक चार वर्षांनी व्हावा की दोन वर्षांनी, त्यात बत्तीस संघ असावेत की अठ्ठेचाळीस, या वादावर मी पुण्याच्या एका वर्तमानपत्रात इतक्या वेळा लिहिलंय की आता संपादकही हसतात. माझं मत ठरलेलं होतं. चार वर्षांनीच. वाट पाहायला लावतो म्हणून तर तो विश्वचषक, नाहीतर ती आणखी एक स्पर्धा.

याकूबभाईंची ओळख त्या लेखांतूनच झाली. तेव्हा ते कुवेतमध्ये एका गोदामात सुपरवायझर होते. 'मॅडम, तुमचं म्हणणं मी रूमवर सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळ्यांना पटलं, एक माझा पुतण्या सोडून,' असा त्यांचा पहिला निरोप होता. पुढे बरीच वर्षं आम्ही फोनवर सामने खेळलो म्हणायला हरकत नाही. मग ते नोकरी सोडून कायमचे गावी आले, आणि या हिवाळ्यात त्यांचा फोन आला.

"मोठा वर्ल्डकप उन्हाळ्यात हाय. आमचा त्याच्या आधीच्या हिवाळ्यात असतो, दर चार वर्षांनी. तुम्ही येवाच. या टायमाला न्हाय आलात तर पुढल्या टायमाला मी असेन का, ते अल्लाला माहीत."

मी निघाले. गावाचं नाव लिहू नका असं त्यांनी मला नंतर सांगितलं, म्हणून लिहीत नाही. श्रीवर्धनच्या पुढे, समुद्राला लागून आहे, एवढं पुरे.

श्रीवर्धनच्या पुढे

ताम्हिणीतून उतरून माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धनला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एसटी स्टँडवर एक उंच, सडपातळ, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ चौकटीची लुंगी आणि वर निळी फुटबॉल जर्सी घालून उभे होते. ओळखायला काही अडचण आली नाही.

रिक्षा सुपारीच्या बागांमधून चालली. या बागांत उन्हाळ्यातसुद्धा ओल असते म्हणतात. हिवाळ्याच्या संध्याकाळी तर अंगावर शहाराच येतो. दोन्ही बाजूंना घरं होती. जांभ्याची जुनी आणि त्यांच्यात मधेच गुलाबी, पोपटी रंगांची दुमजली नवी. सगळ्या घरांच्या खिडक्या उघड्या, गच्च्यांवर गाद्या वाळत घातलेल्या, अंगणात चपलांचे ढीग.

"गजबज आहे हो गावात," मी म्हटलं.

"आता हाय. महिन्यानं या, निम्म्या घरांना कुलूप." याकूबभाईंनी बोट दाखवत दाखवत सांगितलं. "हे मस्कतवाले. हे दोहा. हे तीन भाव, तिघं दुबईला. चाव्या शेजाऱ्यांकडं असतात. दर जुम्म्याला शेजारीण आंगण झाडते."

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत बंद घर म्हणजे कुणाची तरी गुंतवणूक. त्याच्या दारासमोरचा कचरा कुणाचाच नसतो. इथे बंद घराचं अंगणही कुणीतरी झाडतं, ही मला त्या प्रवासात आवडलेली पहिली गोष्ट.

याकूबभाई एकटेच. लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या घरात राहतात. भाऊ वारले त्याला बरीच वर्षं झाली. घर चालवतात त्यांच्या भाभी, रुकय्या. साठीच्या, बुटक्या, डोक्यावरचा पदर एका हाताने सारखा करत दुसऱ्या हाताने तुमच्या ताटात वाढणाऱ्या. मी बागेतून घराकडे जाताना पाण्याच्या पाटात घसरले, सॅंडलचा पट्टा तुटला आणि घोट्यापर्यंत चिखल घेऊनच त्यांच्यापुढे उभी राहिले. त्यांनी बादली आणली, स्वतःच्या चपला माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "बाय, आधी जेव. पाय काय, धुतले की झाले."

जेवायला सांदणं होती, तांदळाच्या रव्याची, वाफवलेली, ताडीने फुगवलेली, आणि नारळाच्या दुधातली कोंबडी. आमच्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणाला की वाढणारा एकदा आग्रह करून थांबतो. रुकय्याभाभी 'पुरे' हा शब्द ऐकतच नव्हत्या. भिंतीवर मक्केचं चित्र होतं, त्याच्या शेजारी निळ्या जर्सीतल्या एका तरुणाचा फोटो.

सहा देश

दुसऱ्या दिवशी याकूबभाई मला मैदानावर घेऊन गेले. सुरूच्या बनामागे, वाळू आणि माती यांच्या सीमेवर, गावाने राखलेली ती जागा. संघ सात-सात जणांचे, कारण अकरा मावत नाहीत. आणि संघांची नावं कुवेत, दुबई, मस्कत, दोहा, मुंबई आणि गाव. जो जिथे कामाला, तो त्या देशाचा. पूर्वी एक 'आफ्रिका'ही होती. तिकडे गेलेली घराणी हळूहळू तिकडचीच झाली आणि तो संघ बंद पडला.

"आंतरराष्ट्रीयच की हो," मी म्हटलं.

"मग! पासपोर्ट बघून टीममधी घेतो," ते हसले. "गेल्या टायमाला एक पोरगा दुबई सोडून दोह्याला गेला, स्पर्धेच्या आठ दिस आधी. केवढी भांडणं!"

कल्पना त्यांचीच. तरुणपणी कुवेतच्या खोलीत, एका लहान टीव्हीसमोर बसून विश्वचषक बघताना त्यांना सुचली. रजा दोन-दोन वर्षांनी मिळायची, ती कुणाला कधी, कुणाला कधी. ईदलासुद्धा सगळे एका वेळी गावात नसत. मग ठरलं, की दर चार वर्षांनी एक हिवाळा पक्का. मधली एक रजा सोडायची, म्हणजे पुढची लांब मिळते. साहेबांना आधीपासून सांगून ठेवायचं. आणि ते चाललं. चार वर्षांनी एकदा गाव भरायला लागलं.

सामना मस्कत आणि गाव यांचा होता. गावाचा गोलकीपर मासेमारी करणारा, हात केवढे थोरले, पण चेंडू जमिनीवरून आला की त्याला वाकायचा कंटाळा. मस्कतच्या बाजूने पोट सुटलेले दोन भाऊ एकमेकांनाच पास देत होते. सुरूच्या सावलीत म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली होती. एक चेंडू थेट माझ्या चहाच्या कपावर आला, आणि सगळ्या मैदानाने मला 'सॉरी मॅडम' म्हटलं.

नंतर कुवेतचा संघ सरावाला उतरला. कप्तान तौसीफ, तिशीतला, दाढी कोरलेला. उजव्या बगलेवर खेळणारा मुलगा सारखा चुकत होता. तौसीफ त्याच्यावर ओरडत होता, आणि मधेच ओरडायचा थांबून मान फिरवत होता.

"ती जागा नदीमची," याकूबभाई म्हणाले. "भाभीचा मुलगा. फोटो बघितलात तुम्ही काल."

"तोच का, ज्याला माझे लेख पटत नव्हते?"

"तोच. म्हणायचा, चाचा, दोन वर्षांनी झाला तर काय बिघडतं? जास्त बघायला मिळेल." समोर कुणीतरी मारलेला चेंडू सुरूच्या झाडांत गेला होता. तो परत येईपर्यंत ते त्या दिशेने बघत राहिले. "गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात गेला. कुवेतमधीच, झोपेत. सकाळी तौसीफ उठवायला गेला. हार्टचं म्हणाले. तिशी पण न्हाय झाली त्याची. मी हितं आलो होतो तवर. तिकडंच दफन केलं. भाभीला तोंड बघायला मिळालं न्हाय, फोनवर दाखवलं ते."

मी म्हटलं, "भाभी मैदानावर येतात?"

"यायच्या. गच्चीवरून पण बघायच्या. या टायमाला खिडकी लावून घेतली हाय."

शाळेच्या पडवीत

शुक्रवारी सामने नसतात. दुपारी नमाज झाली, जेवणं झाली, आणि चारच्या सुमाराला गाव शाळेच्या पडवीत जमलं. स्पर्धेत बदल करायचे का, यावर बैठक होती. पुरुष पडवीत सतरंज्यांवर, बायका आतल्या वर्गात बाकांवर, मधे उघड्या खिडक्या. मी बायकांत बसले. रुकय्याभाभी येणार नव्हत्या, पण शेवटच्या क्षणी आल्या आणि दाराजवळच्या बाकावर बसल्या.

तौसीफने सुरुवात केली. त्याचं म्हणणं सरळ होतं. स्पर्धा दर वर्षी घ्यायची. सहाच्या जागी सोळा संघ. म्हसळा, मुरूड, तळा, कुठूनही येऊ देत. लाईट लावायचे, मोठं बक्षीस ठेवायचं, मोबाईलवर लाईव्ह दाखवायचं.

"वर्ल्डकपमधी बत्तीसचे अठ्ठेचाळीस केले की नाही? का केले? छोट्या देशांना पण चान्स मिळावा म्हणून. आपण काय फक्त सहाच टीम धरून बसणार? मस्कतची टीम बघा. दोघं चाळिशीच्या वर. पुढच्या वेळी टीमच नाही होणार. चार साल में आदमी बूढ़ा होता है, चाचा!"

लोक हसले. याकूबभाई उठले. हसू ओसरेपर्यंत ते उभे राहिले.

"अठ्ठेचाळीस केले ते गरिबांसाठी केले, असं तुला वाटतं. जास्त मॅचा, जास्त जाहिराती, त्यासाठी केले. आणि दर वर्षी घेतलीस तर ती स्पर्धा राहील, पण आपली राहील का? पैशानं आणलेली पोरं खेळतील. तू कुवेतमधी बसून मोबाईलवर बघशील. आत्ता माणसं येतात ती का येतात? कारण चुकली तर चार वर्षं गेली, हे म्हाईत हाय. वर्षानं घेतली, तर म्हणतील पुढल्या वर्षी जाऊ. अन् पुढल्या वर्षी म्हणतील त्याच्या पुढल्या वर्षी."

मला त्यांचं पटलं. आतल्या बायकांनीही माना हलवल्या. मग त्यांनी माझ्याकडे खिडकीतून हात केला. "पुण्याच्या मॅडम यावर लिहितात. त्यांना इचारू."

मी दारात जाऊन उभी राहिले. दोन्ही बाजू मांडल्या. सांगितलं, की दोन वर्षांनी विश्वचषक घ्यावा असा विचार मोठ्या पातळीवर निघाला होता, पण बऱ्याच देशांनी आणि खेळाडूंनी विरोध केला. खेळाडूंची शरीरं थकतात, घरच्या स्पर्धांची वाट लागते, बायकांच्या विश्वचषकाकडे मग कोण बघणार. दुसरी बाजू अशी, की एखाद्याचा पाय नेमका त्या उन्हाळ्यात दुखावला तर त्याची संधी जाते, कायमची. "खेळाडूच्या उमेदीच्या काळात विश्वचषक येतात दोन, फार तर तीन," मी म्हटलं. "पण म्हणूनच त्याची किंमत आहे. दुर्मिळ गोष्ट माणूस जपतो." पुण्यात हे वाक्य मी अनेक व्याख्यानांत म्हटलंय. लोक त्यावर टाळ्या वाजवतात. इथेही दोघा-तिघांनी वाजवल्या.

मी वळले तर रुकय्याभाभी उभ्या होत्या.

"मी बोलू?" त्यांनी कुणाला विचारलं कोण जाणे. त्यांचा आवाज लहान होता, पुढे बसलेल्यांना मागच्यांना गप्प करावं लागलं.

"बाय म्हणाली, दोन फार तर तीन. माझ्या नदीमच्या वाट्याला दोन आले. विशीत गेला तो तिकडं. मग एकदा आला, अन् मग एकदा आला. बस." त्यांनी पदर सारखा केला. "त्याच्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा म्हणाला, आई, आत्ता आलो तर टुर्नामेंटला रजा न्हाय मिळणार. मी म्हटलं, नको येऊ. रमजानमधी म्हणाला, येऊ का? मी म्हटलं, आता कशाला, टुर्नामेंटला येणारच हायस. रोज फोनवर दिसायचा. मला वाटायचं, हाय की."

त्यांनी बाकावर हात टेकला.

"मी त्याला 'ये' असं कधी म्हटलंच न्हाय. म्हणायला कारण नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून दिवस ठरवलावता ना, मग आयांनी कशाला बोलवायचं? सोळा टीमा नको मला. लाईट नको. बक्षीस नको. चारच टीमा ठेवा, दोन ठेवा. पण दर वर्षी ठेवा. न्हाय मिळाली रजा तर न्हाय येणार पोरं. पण दर वर्षी आईला म्हणता तर येईल, की ये रे, मॅच हाय."

त्या खाली बसल्या. शेजारच्या बाईने त्यांचा हात धरला. वर्गात दोन-तीन ठिकाणी हुंदके ऐकू आले. पडवीत मात्र सगळे पुरुष सतरंजीकडे बघत होते. त्यांच्यातल्या किती जणांच्या आया आत बसल्या होत्या!

याकूबभाई अजून उभेच होते. त्यांचा हात जर्सीच्या कडेशी चाळा करत होता. मला वाटलं ते आता वाद घालतील, वादात त्यांना मी कधी गप्प झालेलं ऐकलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "दर वर्षी. ल्हान. माझं मत त्याला," आणि बसले.

मग गावच्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, कुणाची हरकत आहे का. कुणाचीच नव्हती. तौसीफने सोळा संघांचा विषय पुन्हा काढला नाही.

फायनल

शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा याकूबभाई बागेत सुपारीच्या ढिगापाशी बसले होते. सोललेल्या सुपाऱ्या नुसत्या इकडून तिकडे करत होते.

"चार वर्षांची अट माझी," ते म्हणाले. "मला अभिमान वाटायचा. मी म्हणायचो, मी गाव एकत्र आणलं."

"आणलंतच की."

"आणलं. अन् मधली तीन वर्षं?" त्यांनी मूठभर सुपारी उचलली आणि परत टाकली. "ते मी कधी मोजलं न्हाय. मला कुठं पोर हाय."

मीही त्यांच्याबरोबर सुपारी निवडत बसले, भाभींनी घावणे तयार असल्याची हाक मारेपर्यंत.

अंतिम सामना कुवेत आणि दुबईचा. सगळं गाव लोटलं होतं. किनाऱ्यावरच्या होड्या रिकाम्या होत्या आणि सुरूच्या फांद्यांवर माणसं. कुवेतच्या संघाने दंडाला काळी पट्टी बांधली नव्हती, नदीमसाठी शांतता पाळली नव्हती, काहीच केलं नव्हतं. ते फक्त खेळले. उजव्या बगलेचा मुलगा त्या दिवशी बरा खेळला. पण दुबईने शेवटी-शेवटी एक गोल केला आणि सामना जिंकला. दुबईचे तिघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले आणि इतके रडले, की लोकांना कळेना हे हरले की काय.

माईकवरून पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची घोषणा झाली. टाळ्या पडल्या, पण टाळ्या वाजवणारे बहुतेक गाववाले होते. जाणारे मनातल्या मनात रजा मोजत होते. माझ्या शेजारी उभा असलेला दोह्याचा एक तरुण हलक्या आवाजात मित्राला म्हणाला, "माझं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं. कुठून येणार रे?"

वाद जिंकला म्हणून विमान लवकर येत नाही, हे मला तेव्हा कळलं. रुकय्याभाभींना ते माझ्या आधीपासून माहीत असावं.

गाड्या

रविवारी दुपारपासून मुंबईच्या विमानतळाकडे गाड्या सुटायला लागल्या. मीही त्याच दिवशी निघणार होते, माझी एसटी संध्याकाळची. गाव चार वर्षांनी भरताना मी पाहिलं नव्हतं. रिकामं होताना पाहिलं. गच्च्यांवरच्या गाद्या आत गेल्या. एकेका अंगणात बॅगांना दोऱ्या बांधल्या जात होत्या. वजन जास्त होतं म्हणून कुणी लोणच्याची बरणी काढून ठेवायचं, आणि आई ती पुन्हा आत घालायची.

रुकय्याभाभी दुपारभर प्रत्येक गाडीपाशी जाऊन आल्या. दोन दिवसांपूर्वीपर्यंत खिडकी लावून घरात बसलेली ही बाई आता प्रत्येक मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "पुढल्या वर्षी येणार ना? आईनं बोलवलं की ये." मुलं 'इन्शाल्ला, चाची' म्हणत होती. कुणी नजर चुकवून म्हणत होतं, कुणी मनापासून. त्यांनी कुणालाही दोनदा विचारलं नाही.

तौसीफची गाडी शेवटची. तो याकूबभाईंच्या गळ्यात पडला, मग भाभींपुढे येऊन मान खाली घालून उभा राहिला. सकाळी नदीमला उठवायला गेला होता तो हाच. त्या दोघांत ती गोष्ट कायम असणार, हे लांबूनही दिसत होतं.

"चाची, चुकलंमाकलं माफ करा."

"तुझं काय चुकलं, बाबा." त्यांनी त्याच्या हातात एक डबा दिला. "जुम्म्याला जातोस ना त्याच्याकडं? कबरीवर?"

"जातो, चाची. सुट्टी असते. दर जुम्म्याला जातो."

"मग त्याला सांग, दर वर्षी केली म्हणावं."

तौसीफने मान हलवली. तो गाडीत बसला, डबा मांडीवर घेतला आणि दार ओढून घेतलं. गाडी सुपारीच्या बागांमधून वळली. भाभी वळणाकडे बघत उभ्या राहिल्या. मग पदर खोचून त्या समोरच्या घराकडे गेल्या. त्या घराला आत्ताच कुलूप लागलं होतं. तिथला झाडू त्यांनी उचलला आणि अंगण झाडायला घेतलं.